रंधा, सुई आणि दक्षिण ध्रुव

अंटार्क्टिकाच्या काठावर, रॉस समुद्रातील व्हेल्सच्या उपसागरापाशी, १९११ सालच्या हिवाळ्यात नऊ नॉर्वेजियन माणसे बर्फाच्या पोटात राहत होती. २१ एप्रिलला मावळलेला सूर्य २४ ऑगस्टपर्यंत पुन्हा दिसणार नव्हता. जहाजातून आणलेले लाकडी घर हिमाखाली जवळजवळ बुजून गेले होते आणि त्याच्या भोवती त्यांनी बर्फातच दालने खोदली होती. एकात सुतारशाळा, एकात लोहारकाम, एकात शिवणयंत्र. अंग शेकण्यासाठी बाष्पस्नानाची छोटी कोठडीसुद्धा. सुतारशाळेत ओलाव ब्योलांड हा नॉर्वेचा नामांकित स्कीपटू दिवसामागून दिवस स्लेज गाड्यांवर रंधा मारीत बसे. गाड्या नव्या होत्या, भक्कम होत्या, पण तुकडीच्या म्होरक्याला त्या जड वाटत होत्या. हिवाळा सरला तेव्हा त्यांचे वजन मूळच्या सुमारे एकतृतीयांशावर आले होते.

म्होरक्याचे नाव रोआल्ड अमुंडसेन. दक्षिण ध्रुवावर पोचणाऱ्या पहिल्या तुकडीचा नायक म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते आणि लगेच पुढे त्याच्यामागून पोचलेल्या, परतीच्या वाटेवर प्राण सोडणाऱ्या कॅप्टन रॉबर्ट स्कॉटची करुण कहाणी सुरू होते. वाचकाचे मन साहजिकच स्कॉटकडे ओढ घेते. अमुंडसेनच्या प्रवासात डोळ्यांत पाणी आणणारे फारसे काही घडलेच नाही. ते का घडले नाही, याचे उत्तर त्या चार महिन्यांच्या काळोखात आणि त्याआधीच्या पंधरा वर्षांत आहे. ज्याने एकेक खिळा तपासला, त्याच माणसाचा शेवट एका न पारखलेल्या विमानात व्हावा, ही या आयुष्यातील सर्वांत चटका लावणारी गोष्ट.

१६ जुलै १८७२ रोजी नॉर्वेतील बोर्गे या गावी, जहाजांचे मालक असलेल्या दर्यावर्दी कुटुंबात त्याचा जन्म झाला. चार भावांतला हा धाकटा. वडील तो चौदा वर्षांचा असताना गेले. मुलाने समुद्राच्या नादी न लागता डॉक्टर व्हावे, ही आईची इच्छा. त्याने वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातलेही, पण मन भलतीकडेच होते. सर जॉन फ्रँकलिन या ब्रिटिश दर्यावर्द्याच्या उत्तरेकडील हालअपेष्टांची वर्णने वाचून पोराच्या डोक्यात ध्रुवप्रदेशाचे वेड भरले होते. शरीर थंडीला सरावावे म्हणून ऐन हिवाळ्यात तो खिडक्या सताड उघड्या ठेवून झोपे. १८९३ मध्ये आई वारली आणि एकवीस वर्षांच्या अमुंडसेनने वैद्यकाची पुस्तके कायमची मिटली.

पहिला धडा मात्र घराजवळच मिळाला, आणि तो जिवावर बेतणारा होता. १८९६ च्या जानेवारीत भाऊ लिओनला सोबत घेऊन त्याने हार्डांगर पठार स्कीवरून ओलांडायचे ठरवले. तंबू नाही, पुरेसे अन्न नाही, वाटेचा अंदाज नाही. वादळात दोघे चुकले. एका रात्री अमुंडसेन हिमात बिळासारखा खड्डा करून आत झोपला. रात्रीतून वरचा ओला हिम गोठला आणि तो बर्फात जिवंतपणीच चिणला गेला. लिओनला त्याचा ठाव लागला आणि त्याने कित्येक तास खणून भावाला बाहेर काढले. या फजितीची गोष्ट पुढे तो स्वतःच सांगत असे. साहस म्हणजे तयारीत राहिलेली चूक, हा त्याचा पुढच्या आयुष्यातील ठाम समज इथेच रुजला असावा.

दुसऱ्या वर्षी, १८९७ मध्ये, तो बेल्जियमच्या बेल्जिका या जहाजावर अधिकारी म्हणून अंटार्क्टिकाकडे निघाला. जहाज बर्फात अडकले आणि वर्षभर अडकूनच राहिले. अंटार्क्टिक प्रदेशात हिवाळा काढणारी ही पहिलीच मोहीम. ताज्या अन्नावाचून खलाशांना स्कर्व्हीने गाठले, हिरड्या सुजल्या, काहींचे मानसिक संतुलन ढळले. जहाजावरचा अमेरिकी डॉक्टर फ्रेडरिक कूक याने पेंग्विन आणि सील यांचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरला. वरिष्ठांना त्याची किळस होती. अमुंडसेनने मात्र ते निमूट खाल्ले आणि परिणाम पाहून ठेवला. फावल्या वेळात हे दोघे तंबूची ठेवण, गाड्यांचे बांधकाम, बर्फाच्या चकाकीपासून डोळे जपणारे चष्मे यांची चर्चा करीत. कूक पुढे उत्तर ध्रुव जिंकल्याच्या दाव्यामुळे वादात सापडला आणि अन्य एका प्रकरणात तुरुंगातही गेला. अमुंडसेनने ही मैत्री सोडली नाही. तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली.

आता त्याला स्वतःची मोहीम हवी होती. अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांच्या जंजाळातून पॅसिफिकमध्ये नेणारा वायव्य मार्ग युरोपीय दर्यावर्दी शतकानुशतके शोधीत होते. फ्रँकलिन १८४५ मध्ये याच शोधात दोन मोठी जहाजे आणि एकूण १२९ माणसे घेऊन गेला; त्यातले कोणीही परतले नाही. अमुंडसेनने विकत घेतलेले योआ हे गलबत अवघे ४७ टनांचे, हेरिंग मासे धरण्यासाठी वापरात असलेले आणि वयाने त्याच्याच बरोबरीचे होते. माणसे, त्याला धरून, सात. मोठे जहाज उथळ पाण्यात रुतते आणि मोठ्या तांड्याला त्या प्रदेशात शिकार पुरत नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता. पैशाचा हिशेब मात्र त्याला कधीच जमला नाही. १९०३ च्या जून महिन्यात मध्यरात्री, भर पावसात, सावकारांचा डोळा चुकवून योआने किनारा सोडला.

किंग विल्यम बेटाच्या एका सुरक्षित खाडीत त्यांनी दोन हिवाळे काढले. फ्रँकलिनची माणसे ज्या परिसरात उपासमारीने आणि रोगाने तडफडून मेली, तोच हा परिसर. तिथेच नेत्सिलिक इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या मुलाबाळांसह सुखाने नांदत होते! ब्रिटिश मोहिमांनी या लोकांना बहुधा रानटी मानले. अमुंडसेनने त्यांची शागिर्दी पत्करली. हिमाच्या विटा कापून घर कसे रचायचे, कुत्र्यांच्या मनाचा थांग कसा घ्यायचा, अतिथंडीत स्लेजच्या धावांवर बर्फाचा पातळ लेप देऊन ती कशी पळवायची, हे सारे तो नवशिक्यासारखा शिकला.

सर्वांत मोलाची शिकवण कपड्यांची होती. युरोपीय माणूस थंडीत अंगाला घट्ट बसणारे लोकरीचे थर चढवी. कष्ट करताना घाम येई, तो लोकरीत मुरे, मग गोठे आणि कपडा पत्र्यासारखा ताठ होई. इनुइट दोन सैल अंगरखे घालीत. आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. दोन्हींच्या मधून हवा खेळती राही, घाम साचत नसे, आणि काम वाढले की गळ्याशी थोडे सैल केले की पुरे. आज गिर्यारोहणाच्या दुकानात महागड्या जाकिटाच्या चिठ्ठीवर थरांचे जे शास्त्र छापलेले असते, ते या शिकारी समाजाच्या बायका हाडाच्या सुईने शिवीत होत्या. अमुंडसेनने ते कपडे घेतले, वापरले आणि आपल्या लोकरी कपड्यांपेक्षा ते सरस असल्याचे मोकळेपणाने लिहून ठेवले.

ऑगस्ट १९०५ मध्ये पश्चिमेकडून आलेले एक देवमाशांच्या शिकारीचे जहाज समोर दिसले आणि वायव्य मार्ग पार झाल्याचे नक्की झाले. पण ही बातमी जगाला कळवायची कशी? जवळचे तारघर अलास्कातील ईगल या गावी, सुमारे आठशे किलोमीटरवर. अमुंडसेन स्की आणि कुत्र्यांच्या गाड्यांसोबत डोंगर ओलांडून डिसेंबरात तिथे पोचला. खिशात तारेपुरतेही पैसे नव्हते. तार घेणाऱ्याने पैसे भरावेत या बोलीवर ती गेली आणि वाटेतच फुटली. ज्या बातमीच्या हक्कातून कर्जाचा काही भाग फिटायचा, ती अमेरिकी वृत्तपत्रांनी फुकटात छापली. पुढच्या मोहिमेत तो इतका तोंड मिटून का राहिला, याचे एक कारण या प्रसंगात शोधता येईल.

पुढची मोहीम उत्तर ध्रुवाची ठरली होती. थोर संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन याने आपले प्रसिद्ध फ्राम जहाज त्यासाठी दिले, देणग्याही जमल्या. सप्टेंबर १९०९ मध्ये आधी कूक आणि पाठोपाठ रॉबर्ट पिअरी यांनी उत्तर ध्रुव गाठल्याचे दावे केले. शर्यत संपलेल्या ठिकाणी जाण्यासाठी कोण पैसा देणार? अमुंडसेनने मनातल्या मनात नकाशा उलटा केला. दक्षिणेला जाण्याचा बेत भाऊ लिओन आणि एकदोन विश्वासू अधिकारी सोडता कोणालाही कळू दिला नाही. नान्सेनलाही नाही, ज्यांनी पैसे दिले त्यांनाही नाही. ऑगस्ट १९१० मध्ये नॉर्वे सोडलेल्या फ्रामवरच्या खलाशांना सप्टेंबरात मदेइरा बेटाजवळ खरा बेत समजला. प्रत्येकाला येणार का म्हणून विचारण्यात आले आणि सगळ्यांनी होकार दिला. स्कॉटला या स्पर्धेची खबर मेलबर्नला पोचल्यावर तारेने मिळाली. हे वागणे सचोटीचे नव्हते, असे त्या काळी अनेकांनी म्हटले आणि आजही तसे म्हणता येते. त्याचे चाहतेसुद्धा इथे जरा अडखळतात.

दोन्ही तुकड्यांकडे त्या काळचे उत्तम सामान होते. इंग्लंडच्या बर्बरी कंपनीचे वाऱ्याला दाद न देणारे गॅबर्डिन कापड दोघांपाशी होते, स्वीडिश प्रायमस स्टोव्ह दोघांपाशी होता. स्कॉटपाशी तर त्या वेळी नवलाईच्या असलेल्या मोटर स्लेजही होत्या. त्यांतील एक उतरवतानाच बर्फ फोडून समुद्रात गेली आणि उरलेल्या दोन प्रवासाच्या आरंभीच बंद पडल्या. मांचुरियातून आणलेल्या तट्टांची जबाबदारी कॅप्टन ओट्सकडे होती. हा घोडदळातला अधिकारी मध्य भारतातील महूच्या छावणीत असताना त्याने स्कॉटकडे अर्ज केला होता. तट्टे पाहताच हा भंगार माल असल्याचे त्याच्या लक्षात आले, पण तोवर उशीर झाला होता. स्कॉटच्या अखेरच्या तुकडीतला बॉवर्स हाही रॉयल इंडियन मरीन या हिंदुस्थानातल्या नौदलातूनच आलेला.

अमुंडसेनने दुकानातून आलेली एकही वस्तू आहे तशी वापरली नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बूट पायाला चावतात म्हणून ते पुन्हा पुन्हा उसवून, आतून जागा करून शिवले गेले, कारण पायमोज्यांच्या अनेक थरांना आत वाव हवा. तंबूला तळ जोडून शिवला आणि तो एकाच खांबावर उभा राहील अशी योजना केली; वादळात चार काठ्यांशी झुंजत बसणे नको. पांढऱ्या हिमात पांढरा तंबू दिसत नाही आणि दिवसभर चकाकीने शिणलेल्या डोळ्यांना आत विसावाही मिळत नाही, म्हणून कापड शाईच्या पुडीने आणि बुटाच्या काळ्या पॉलिशने गडद रंगवले. ऑस्कर विस्टिंग बर्फाच्या दालनात बसून शिवणयंत्रावर हे काम करी. अन्नाच्या पेट्यांना वरच्या बाजूस लहान गोल झाकणे ठेवली. कशासाठी? तर पेटी काढण्याकरिता गाडीच्या दोऱ्या रोज सोडाव्या व बांधाव्या लागू नयेत. थंडीत गोठलेल्या बोटांनी दोरीची गाठ सोडून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

रॉकेलचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. ध्रुवप्रदेशात रॉकेलवाचून बर्फ वितळत नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही. डब्यांच्या चामडी चकत्या थंडीत आकसतात आणि रॉकेल उडून जाते, हा अनुभव अमुंडसेनला उत्तरेत आला होता. त्याने डब्यांची तोंडे झाळून बंद करविली. वापरताना उघडायचे, पुन्हा झाळायचे. स्कॉटच्या तुकडीला परतताना ठिकठिकाणच्या साठ्यांतील डबे अर्धेमुर्धे रिकामे आढळले. अमुंडसेनने परतीच्या वाटेवर डोंगरातील एका दगडी राशीत ठेवलेला एक डबा सुमारे पन्नास वर्षांनी सापडला, तेव्हा त्यातले रॉकेल जसेच्या तसे होते.

वाटेवर आगाऊ ठेवलेल्या शिध्याच्या साठ्यांचेही तसेच. मैलोन्‌मैल सपाट पांढऱ्या माळावर एक ढीग, त्यावर एक झेंडा. धुक्यात तो चुकला तर मरण. अमुंडसेनने ८० अंश अक्षांशावरील साठ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला प्रत्येकी दहा झेंड्यांची लांबलचक आडवी ओळ रोवली. प्रत्येक झेंड्यावर क्रमांक. वाट कित्येक किलोमीटर चुकली तरी कुठला ना कुठला झेंडा आडवा येणार आणि साठा कोणत्या हाताला आहे ते सांगणार.

एवढे करूनही तो एकदा घसरलाच. स्कॉटच्या मोटर गाड्यांची धास्ती त्याच्या मनात होती. दम न निघून त्याने ८ सप्टेंबरला, वसंत नीट सुरू होण्याआधीच, कूच केले. पारा उणे ५६ अंशांपर्यंत उतरला, होकायंत्रातले द्रव गोठले, कुत्र्यांचे पंजे फुटले. माघार घेताना शिस्त मोडली. पुढचे पुढे निघून गेले, अमुंडसेनही त्यांतच होता. मागे राहून गारठलेल्या एका सहकाऱ्याला यालमार योहान्सेनने कसेबसे तळावर आणले. योहान्सेन साधा माणूस नव्हे; १८९५ मध्ये नान्सेनसोबत उत्तरेला तोवरचा विक्रमी अक्षांश गाठलेला. त्याने सर्वांसमक्ष म्होरक्याला खडसावले. तो बरोबर होता आणि बहुधा म्हणूनच अमुंडसेनने त्याला क्षमा केली नाही. ध्रुवाच्या तुकडीतून त्याचे नाव वगळले गेले. हताश आणि दारूच्या आहारी गेलेल्या योहान्सेनने जानेवारी १९१३ मध्ये आत्महत्या केली. हा डाग कोणत्याही यशाने पुसला गेलेला नाही.

खरी कूच २० ऑक्टोबर १९११ च्या सुमारास झाली. अमुंडसेन, ब्योलांड, विस्टिंग, हेल्मर हान्सेन आणि स्वेरे हासेल. चार गाड्या आणि ५२ कुत्री. वाटेत दर थोड्या अंतरावर त्यांनी हिमाचे पुरुषभर उंचीचे स्तंभ रचले, एकूण दीडशे, आणि प्रत्येकात आपला ठावठिकाणा लिहिलेली चिठ्ठी ठेवली. समोर आलेल्या पर्वतरांगेतून, आजवर कोणी न पाहिलेल्या एका उभ्या हिमनदीवरून, त्यांनी चार दिवसांत गाड्या पठारावर चढविल्या. ती हिमनदी आज अक्सेल हाइबर्ग या नॉर्वेजियन आश्रयदात्याच्या नावाने ओळखली जाते.

माथ्यावर पोचल्यावर जे करायचे ते तळावर असतानाच ठरले होते. चढणीचे काम संपले होते; एवढ्या कुत्र्यांना पुढे पोसणे शक्य नव्हते. त्या संध्याकाळी २४ कुत्री गोळ्या घालून मारण्यात आली आणि त्यांचे मांस उरलेल्या कुत्र्यांना व माणसांनाही अन्न म्हणून मिळाले. त्या जागेला त्यांनी खाटकाचे दुकान असे नाव दिले. अमुंडसेन त्या वेळी तंबूत शिरून स्टोव्ह पेटविण्यात गुंतला आणि गोळ्यांचे आवाज कानी पडू नयेत म्हणून त्याने स्टोव्हचा आवाज वाढवला. प्राणी माणसाळवून, त्यांना नावे देऊन, वर्षभर खाऊ घालून मग ठरल्या दिवशी मारणे, हा हिशेब आजच्या वाचकाला मानवणार नाही. त्या काळच्या इंग्रजांनाही तो मानवला नव्हता. मात्र स्कॉटच्या तट्टांनाही अखेरीस गोळीच मिळाली, हे सांगितले पाहिजे.

१४ डिसेंबरला दुपारी गणितानुसार ध्रुव आला. झेंडा एकट्याने न रोवता पाचही जणांनी मिळून काठी धरावी, असे अमुंडसेनने ठरवले. मग तीन दिवस सूर्याची उंची मोजून, तिघांना वेगवेगळ्या दिशांना स्कीवरून वीसएक किलोमीटर पाठवून, आपण ध्रुवाला वेढा घातल्याची त्यांनी खातरजमा केली. जाताना एक छोटा तंबू उभा करून आत नॉर्वेच्या राजासाठी पत्र ठेवले आणि ते पोचते करण्याची विनंती स्कॉटला केली. परतताना आपण नष्ट झालो तर पुरावा उरावा म्हणून. २५ जानेवारी १९१२ रोजी पहाटे पाच माणसे आणि अकरा कुत्री तळावर परत आली. ९९ दिवस, सुमारे तीन हजार किलोमीटर. मोहिमेत टिपलेली चलच्चित्रे आजही उपलब्ध आहेत. युनेस्कोने २००५ मध्ये त्यांचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला.

स्कॉट १७ जानेवारीला ध्रुवावर पोचला आणि त्याला तो तंबू दिसला. परतताना पाचही जण गेले. अखेरचे तिघे पुढच्या मोठ्या साठ्यापासून अकरा मैलांवर. ही वार्ता १९१३ च्या फेब्रुवारीत जगाला कळली आणि त्या दिवसापासून अमुंडसेनच्या विजयावर सावली पडली. तत्पूर्वीच लंडनमध्ये त्याच्या सन्मानार्थ झालेल्या भोजनप्रसंगी रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याला बंगालच्या फाळणीमुळे ठाऊक असलेले लॉर्ड कर्झन, यांनी त्याच्याऐवजी कुत्र्यांचा जयजयकार करविला, अशी तक्रार त्याने १९२७ च्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. सोसायटीने ती मान्य केली नाही. पण जखम पंधरा वर्षे ओली होती, एवढे निश्चित.

पुढची वर्षे उताराची. १९१७ मध्ये माऊड या नव्या जहाजाच्या जलावतरणाला त्याने शॅम्पेनच्या बाटलीऐवजी बर्फाचा तुकडा फोडला. जहाजाला बर्फाची चव आधीच कळावी, हा हेतू. सैबेरियाच्या उत्तरेने गेलेली ही मोहीम वर्षानुवर्षे रेंगाळली. पडून खांदा मोडला, अस्वलाने पाठ फाडली, दिव्याच्या विषारी वायूने हृदय दुबळे झाले. टपाल घेऊन पायी पाठविलेले दोन सहकारी वाटेत मरण पावले. कर्ज वाढत गेले, लिओनशी पैशांवरून वैर आले आणि १९२४ मध्ये अमुंडसेनचे दिवाळे वाजले. माऊड जप्त होऊन विकले गेले आणि कॅनडातील केंब्रिज बेमध्ये बुडाले. २०१६ मध्ये ते वर काढण्यात आले आणि २०१८ मध्ये, शंभर वर्षांनी, तराफ्यावरून नॉर्वेला परतले.

विमानांचे भविष्य त्याने लवकर ओळखले होते. १९१४ मध्येच त्याने वैमानिकाचा परवाना मिळवला होता. दिवाळखोरीच्या काळात न्यूयॉर्कच्या हॉटेलात हिशेब मांडत बसला असताना लिंकन एल्सवर्थ या धनिकपुत्राचा दूरध्वनी आला. १९२५ च्या मे महिन्यात दोन डॉर्निअर विमाने घेऊन सहा जण उत्तरेला निघाले आणि ८७ अंश ४४ मिनिटांपर्यंत जाऊन बर्फात अडकले. एक विमान निकामी झाले. तुटपुंज्या शिध्यावर साडेतीन आठवडे त्यांनी हाताशी असलेल्या हत्यारांनी बर्फ फोडून, तुडवून धावपट्टी तयार केली. सहाही जण एकाच विमानात कोंबून रीसर-लार्सेन या वैमानिकाने ते कसेबसे उचलले. जगाने त्यांना मृत मानले होते. जुना अमुंडसेन इथे पुन्हा दिसतो.

१९२६ च्या मे महिन्यात नॉर्गे या वायुपोतातून सोळा माणसे स्पिट्सबर्गेनहून उत्तर ध्रुवावरून अलास्कापर्यंत गेली. कूक, पिअरी आणि तीन दिवस आधी उडालेला रिचर्ड बर्ड या तिघांच्याही दाव्यांविषयी शंका असल्याने, उत्तर ध्रुवावर निर्विवाद पोचलेली पहिली मोहीम म्हणून आज अनेक अभ्यासक नॉर्गेकडे बोट दाखवतात. अमुंडसेन आणि विस्टिंग दोन्ही ध्रुव पाहणारे पहिले मानव ठरले. पण वायुपोताचा रचनाकार आणि चालक उंबेर्तो नोबिले याच्याशी श्रेयावरून कडाक्याचे भांडण जुंपले. ध्रुवावर टाकण्यासाठी नोबिलेने इटलीचा भलाथोरला ध्वज आणला होता. ज्याने आयुष्यभर वजनाचा हिशेब केला, त्याला या अवजड डामडौलाची चीड यावी, हे समजण्याजोगे आहे. आत्मचरित्रात त्याने नोबिलेवर इतकी आग पाखडली, की त्याचे मित्रही ओशाळले.

२५ मे १९२८ रोजी नोबिलेचा दुसरा वायुपोत इटालिया ध्रुवाहून परतताना बर्फावर आदळला. बातमी आली तेव्हा अमुंडसेन ऑस्लोत दुसऱ्या वैमानिकांच्या सत्कारभोजनात होता. शोधाला जाण्याची तयारी त्याने तिथल्या तिथे दर्शविली. ज्या माणसाशी उभा दावा, त्याच्यासाठी! अधिकृत मोहिमेचे नेतृत्व मात्र रीसर-लार्सेनकडे गेले. मुसोलिनीच्या सरकारलाही अमुंडसेनची मदत नको होती. पंचावन्न वर्षांच्या, कर्जात बुडालेल्या, बाजूला सारलेल्या या माणसाने विमानासाठी दारोदार विचारणा केली. फ्रान्सने आपल्या नौदलाचे लाथाम ४७ देऊ केले.

हे विमान अटलांटिकवरील उड्डाणांच्या विचाराने बांधलेले, नव्या नमुन्यातले होते. लाकडी बांधणीची ही उडती बोट पाण्यावर उतरे. बर्फाशी गाठ पडली तर तिचा टिकाव लागणे कठीण. रंधा मारायला हिवाळा नव्हता, झाळकामाला वेळ नव्हता, चाचणीला ऋतू नव्हता. १८ जून १९२८ रोजी दुपारी लाथाम ४७ ने त्रोम्सोच्या खाडीतून उड्डाण केले. आत अमुंडसेन, त्याचा जुना सहकारी लाइफ डीट्रिक्सन, फ्रेंच वैमानिक रने गिलबो आणि आणखी तीन फ्रेंच. त्याच संध्याकाळी बिनतारी संदेश थांबले. सहा दिवसांनी एका स्वीडिश वैमानिकाने नोबिलेला बर्फावरून उचलले; तो पुढे पन्नास वर्षे जगला. १९६९ च्या द रेड टेंट या चित्रपटात ही कथा आहे आणि त्यात अमुंडसेनची भूमिका शॉन कॉनरीने केली आहे.

ऑगस्टअखेर मच्छीमारांना त्रोम्सोच्या उत्तरेस विमानाच्या पंखाखालचा एक तरंडा समुद्रात सापडला. ऑक्टोबरमध्ये, बऱ्याच दक्षिणेला, इंधनाची एक टाकी हाती लागली. तिच्या तोंडात लाकडी बूच ठोकलेले होते. तुटलेल्या तरंड्याच्या जागी रिकामी टाकी बसवून विमान पाण्यावर सावरण्याचा कोणीतरी प्रयत्न केला असावा, असा तर्क त्यावरून करण्यात आला. २००९ मध्ये नॉर्वेच्या नौदलाने बेअर बेटाजवळचा समुद्रतळ स्वयंचलित पाणबुडीने विंचरून काढला. विमानाचा मागमूस लागला नाही.